शेवटच्या कडव्यातलं नाव

माझं गाणं माझ्या सख्ख्या भावाने लाटलं. ज्या शेवटच्या कडव्यात माझं नाव होतं ते कडवं त्याने कापलं आणि तिथे स्वतःचं नाव घातलं. हे पहिल्यांदा लिहून घ्या. बाकीचं मी सांगते, पण हे वाक्य खाली ढकलू नका आणि त्याला असं त्यांचं म्हणणं आहे वगैरे शेपूट लावू नका. माझं म्हणणं नाही ते, तसं झालंय.

दुसरी अट. तुम्ही आल्या आल्या माझं नाव विचारलंत, ते मी आत्ता सांगणार नाही. आमच्यात गाणं करणाऱ्याचं नाव शेवटच्या कडव्यात येतं. आधी सगळं गाणं ऐकायचं, मग कळतं कुणाचं आहे ते. इथेही तसंच. कबूल असेल तर चहा टाकते, नसेल तर स्वारगेटला जाणारी बस कोपऱ्यावर थांबते.

बसा मग. ती खुर्ची डुगडुगते, भिंतीला टेकवून बसा.

माझे वडील वाशीमकडचे, आम्ही त्यांना नाना म्हणायचो. पुण्याला आले ते मार्केट यार्डात कांद्याची पोती उचलायला. आई मुळशीकडच्या गावातली, काशी तिचं नाव. ती डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन पेठांतून फिरायची, घरोघरचे जुने कपडे घ्यायची आणि बदल्यात भांडं द्यायची, बोहारीण म्हणतात तेच काम. नाना म्हणायचे, काहून उशीर केला वं. आई म्हणायची, उशीर कुठं हाय, अजून दिवा लागायचाय. अशा दोन बोल्यांच्या मधे, पर्वतीच्या पायथ्याच्या वस्तीत, पत्र्याच्या एका खोलीत मी आणि भानू वाढलो. भानू म्हणजे तोच, ज्याने गाणं लाटलं. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. त्याला आंघोळी मी घातल्यात, हेही लिहा.

आता बेंजो घरात कसा आला ते सांगते. तुम्हाला बेंजो माहीत आहे का, की तुम्हीसुद्धा ते गोऱ्या लोकांचं गोल पोटाचं वाद्य समजताय? आमचा बेंजो म्हणजे लांबट लाकडी पेटी, तिच्यावर तारा, आणि तारांवर टाईपरायटरसारखी बटणं. डाव्या हाताने बटण दाबायचं, उजव्या हातातल्या नखीने तार छेडायची. मिरवणुकीत, हळदीत, वरातीत पूर्वी हाच वाजायचा. तर एका रविवारी नाना मला घेऊन जुन्या बाजारात गेले, त्यांना बूट घ्यायचे होते, आणि रस्त्यावर मांडलेल्या पान्या-हातोड्यांमधे त्यांना तो दिसला. काय सांगू तुम्हाला, माणूस बूट विसरला. नाना त्या पेटीकडे असे बघायला लागले, जसं जत्रेत हरवलेलं पोर सापडलंय. मी नऊ वर्षांची होते, पण आईबरोबर दारोदार हिंडून एक शिकले होते की ज्याला वस्तू हवी आहे त्याने वस्तूकडे बघायचं नाही. मी नानांचा सदरा ओढला आणि विकणाऱ्याला ऐकू जाईल असं म्हटलं, नाना, याची तीन बटणं मेलेली आहेत, चला, पुढे शिलाई मशीन बघायचंय ना. कसलं मशीन आणि कसलं काय. आम्ही दहा पावलं गेलो आणि मागून त्याने हाक मारली. एवढं लक्षात ठेवा, घासाघिशीत सगळं कसब या दहा पावलांत असतं. मागून हाक आली की भाव आपला. आपण हाक मारली की गेला.

घरी आल्यावर नाना आईला म्हणाले, तुही पोरगी लय खट निघाली. आई म्हणाली, मग, माझीच हाय.

मेलेली तीन बटणं नानांनी सायकलच्या तारा वाकवून जिवंत केली आणि यार्डातून आल्यावर ते वाजवत बसायचे. मी शेजारी. भानू तेव्हा तीन वर्षांचा, त्याला बेंजोला हात लावू द्यायचे नाहीत म्हणून तो चिडायचा आणि आईचं पातेलं पालथं घालून त्याच्यावर पळीने ताल धरायचा. ताल चांगला होता त्याचा, खोटं बोलणार नाही. एकदा नाना जलद वाजवायला लागले तसा हा पळी टाकून वरवंटाच घेऊन बसला आणि पातेल्याला हा एवढा पोचा पाडला. आई भांडीवाली. पाटीत रोज नवीकोरी पातेली. पण घरात मरेपर्यंत तिने तेच पोचा पडलेलं पातेलं वापरलं. ठोकून सरळही केलं नाही. मी म्हणायची, आई, बदल की गं. ती म्हणायची, दूध उतू जातं का त्यातनं, नाही ना, मग ऱ्हाऊ दे.

पुढे आमची पार्टी झाली. नाना बेंजोवर, शेजारचा एक ढोलकीवाला, हातगाडीवर भोंगा, आणि मी झील ओढायला. झील म्हणजे पुढचा गाणारा ओळ टाकतो, ती संपता संपता मागच्याने तिचं शेपूट उचलायचं आणि वर न्यायचं, पुढच्याला तेवढाच श्वास मिळतो. ऐकणाऱ्याला वाटतं एकच माणूस न थांबता गातोय. पोती उचलून उचलून नानांची बोटं वळेनाशी झाली तेव्हा बेंजो माझ्याकडे आला, आणि भानूचा आवाज फुटला तसा तो पुढे उभा राहिला. बाईमाणूस बेंजो वाजवतं म्हणून लोक पहिल्यांदा हसायला यायचे आणि मग नाचून जायचे. भानू पुढे, मी मागे. ओळ संपवताना तो मला एक खूण द्यायचा, तोंड न उघडता नाकातूनच हं असं म्हणायचा. हं म्हटलं की ताई, घे. हजार माणसांच्या गलक्यात मला तेवढं हं ऐकू यायचं. पंचवीस-तीस वर्षं आम्ही असे गायलो, त्यात तो एकदाही हं विसरला नाही आणि मी एकदाही चुकले नाही.

गाणी मी करायची. सगळी. भानूला आवाज होता, शब्द नव्हते. शाळा चौथीपर्यंत, पण पेठेतल्या बायकांशी घासाघीस करून माझी जीभ तयार झाली होती. आणि सुपारी घ्यायलाही मीच, म्हणजे कार्यक्रम ठरवायला. तिथे मी एक गोष्ट केली. ती सांगायला हवी, कारण भानू ती सांगणार आहे, त्याने सांगण्याआधी मीच सांगते.

मी शेवटचं कडवं विकायला लागले.

कसं, तर एका मंडळाचे अध्यक्ष होते, अण्णा म्हणायचे त्यांना, गळ्यात साखळ्या, शर्टाची वरची दोन बटणं कायम उघडी. ते म्हणाले, ताई, गाण्यात शेवटी तुमचं नाव येतं, ते आमचं येऊ द्या की. मी म्हटलं, येईल, पण दहाही दिवस आमचीच पार्टी. ते म्हणाले, सात. मी म्हटलं, मग नुसतं अण्णा येईल, आडनाव यायचं नाही, पुण्यात अण्णा काय गल्लीगल्लीत आहेत. तो माणूस पोट धरून हसला आणि म्हणाला, घाला आडनाव, दहाच्या दहा दिवस तुम्हीच. झालं. त्या दिवसापासून हळदीत नवऱ्या मुलाचं नाव, बारशात बाळाच्या आजोबांचं, निवडणुकीत उमेदवाराचं. दुसऱ्या पार्ट्या बसून असायच्या आणि आमची गाडी फिरत असायची. भानू लहान होता, शेजारी बसून ऐकायचा, एकदा विचारलं त्याने, ताई, मग आपलं नाव? मी म्हटलं, शेवटचं कडवं गिऱ्हाईकाचं असतं रे, आपलं काय, आपण पुढचं गाणं करू. नाना तेव्हा खाटेवर पडून होते. ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले, गाण्याले धनी लागते पोरी, तू धनीच विकून राहिली. चार माणसांची चूल मी पेटवत होते, उत्तर कशाला देऊ.

मधे माझं लग्न झालं होतं, ते राहिलंच. अकरा महिने. त्यांना बायको हवी होती, बेंजो नको होता, आणि मी म्हटलं दोन्ही मिळून एकच नग आहे, सुटा मिळत नाही. परत आले. मूलबाळ नाही. त्याबद्दल एवढंच.

मग नाना गेले, आणि त्यानंतर चार वर्षांनी आई गेली. दुपारी गेली, माझ्या मांडीवर डोकं होतं. घरात मी एकटी होते. भानू नव्हता. तेराव्यानंतर मी ओट्यापाशी भांडी घासत होते, पोचा पडलेलं पातेलं हाताला लागलं, त्या खळग्यात बोटं गेली, आणि गाणं आलं. दोन दिवसांत झालं. पाठवणीचं गाणं म्हणून लोकांनी ते उचललं, कारण त्यात लेक विचारते आणि आई उत्तर देते, पण खरं ते पाठवणीचं नाही, बोहारणीचं आहे. धृपद असं आहे.

नवी पातेली दिलीस गं आई साऱ्या पेठेला,
पोचा पडलेलं ठेवलंस का गं आपल्या ओट्याला?

आणि झील, आपल्या ओट्याला, गं बाई, आपल्या ओट्याला. झील माझी. आईचं उत्तर झिलीत आहे, म्हणून तिचा आवाज माझ्याकडे होता.

हे गाणं सुरू झालं की मांडवात बायका पदर तोंडाला लावायच्या. वाजवताना मी वर बघायचीच नाही. आणि या एका गाण्याचं शेवटचं कडवं मी विकलं नाही. एक बांधकामवाले शेट आले होते, मुलीचं लग्न, म्हणाले कडव्यात आमच्या मातोश्रींचं नाव घाला, पुढच्या सीझनची सगळी लग्नं तुम्हाला देतो, आमच्या ओळखी आहेत. मी म्हटलं, तुमच्या आईचं दुसरं गाणं करून देते, चांगलं करते. ते म्हणाले, हेच हवंय. मी म्हटलं, नाही. ते हसून म्हणाले, अहो बाई, पातेल्याला काय, कुणाचंही नाव कोरता येतं की. माझं डोकं फिरलं. समोर पेढ्यांचं ताट होतं, ते मी उलटं केलं त्यांच्या गालिच्यावर. सीझन गेला. भानूचा मुलगा निखिल तेव्हा वर्षाचा होता. भानू चार दिवस बोलला नाही, पाचव्या दिवशी म्हणाला, ताई, सगळी कडवी विकलीस, एवढंच का नाही? मी म्हटलं, हे माझं आहे. तो पायात चपला घालून बाहेर गेला.

मग डीजे आला. ट्रकभर पेट्या, खिडक्यांच्या काचा हलायच्या. बेंजोला कोण विचारतो. भानू रिक्षा चालवायला लागला, निखिल शिकला, खराडीला कंपनीत लागला, तिकडेच फ्लॅट घेतला आणि आईबापांना घेऊन गेला. जाताना भानू दारात उभा राहून म्हणाला, ताई, तूही चल. मी म्हटलं, मी कशाला, मला इथे बरं आहे. मला वाटलं पुन्हा म्हणेल. मी आत वळले, आतल्या भिंतीपर्यंत गेले. ही खोली केवढी, दहा पावलं होतच नाहीत. मागे टेम्पो सुरू झाल्याचा आवाज आला.

तर अशी मी एकटी. आईची पाटी काढली आणि पेठांत फिरायला लागले. आता बोहारणीला कोण बोलावतं, इमारतींना कुलपं, जुने कपडे लोक कुठे कुठे देऊन टाकतात. पण शनिवार पेठेत दहा-बारा घरं अजून आहेत. त्यात एक आपटे काकू, तिसरा मजला, लिफ्ट नाही. त्यांच्याशी घासाघीस करायला मजा येते, कारण त्याही माझ्याच जातीच्या, म्हणजे भांडकुदळ. मी साडी उजेडात धरून म्हणायची, काकू, ही विरली आहे. त्या म्हणायच्या, विरलेली नाही हो, हवेशीर आहे. मी म्हणायची, मग भांडंही हवेशीरच देते, गाळणं घ्या. दीड-दीड तास चालायचं. खरं सांगू का, दिवसभरात तेवढंच माझं बोलणं व्हायचं.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. काकूंनी पाच साड्या काढल्या होत्या, मी एका मोठ्या पातेल्यावर अडून बसले होते. काकू म्हणाल्या, अहो, पातेल्यावरून आठवलं, आमच्या भाचीच्या लग्नात काय छान गाणं लावलं होतं, थांबा. आणि मोबाईल पुढे धरला. नवी पातेली दिलीस गं आई. भानूचा आवाज. मागे कसली कसली वाद्यं, बेंजो नाही. मी साडी हातात तशीच धरून ऐकत राहिले. दुसरं कडवं, तिसरं, आता शेवटचं येणार, माझं नाव येणार शनिवार पेठेत, काकूंच्या हातात. आलं ते हे.

पुण्याचा हा भानू गातो, ऐका मंडळी,
आईवाचून ओस पडली सारी ही आळी.

आळी. आम्ही कधी आळीत राहिलो? वस्तीत वाढलेलं पोर, याला आळी कुठून आली. यमक जुळत नाही म्हणून घर बदललं त्याने.

मी काकूंना म्हटलं, हे गाणं माझं आहे. काकू चष्म्यावरून बघत म्हणाल्या, असं का, मग तो भानू कोण? मी म्हटलं, माझा भाऊ. त्या म्हणाल्या, म्हणजे घरातल्या घरातच चोरी, बरं झालं, पोलिसांना जिने चढायला नकोत. त्या विनोद करत होत्या, त्यांचा स्वभावच तो, एरवी असतं तर मी दुप्पट परत दिलं असतं. पण त्या दिवशी मी पाचही साड्या उचलल्या आणि मोठं पातेलं ठेवून जिना उतरले. काकू वरून हाका मारत होत्या, अहो, भांडला नाहीत ते, बरं आहे ना? आयुष्यात पहिल्यांदा मागून हाक आली आणि मी वळले नाही.

दुसऱ्या दिवशी खराडीला गेले. पाटी नेली नाही, चांगली साडी नेसले. स्वारगेटहून बस, पुढे चालत. गेटवरचा वॉचमन म्हणाला, कामवाल्यांची नोंद मागच्या गेटला. मी म्हटलं, मी काम करायला नाही, काम काढायला आले आहे, भानूला खाली बोलव. भानू आला, घरातल्या चपलांवर, केस सगळे पांढरे. ताई, असं म्हणून पाया पडला. अकराव्या मजल्यावर नेलं. निखिल ऑफिसला, सून चहा देऊन आत गेली.

मी म्हटलं, गाणं ऐकलं. तो म्हणाला, कुठे? म्हटलं, शनिवार पेठेत. तो खुलला, म्हणाला, काय सांगतेस, पेठेत पोहोचलं? मी म्हटलं, पोहोचलं ना, तुझं नाव सांगत पोहोचलं. तेव्हा तो बसला. म्हणाला, ताई, निखिलच्या मित्राचा स्टुडिओ आहे, मी घरात गुणगुणायचो ते त्यांनी ऐकलं, चला काका म्हणाले, गेलो. शेवटी नाव कुणाचं घ्यायचं, तर गाणाऱ्याचं घेतलं. शेवटचं कडवं गिऱ्हाईकाचं असतं, आपलं काय, आपण पुढचं गाणं करू. हे कुणी शिकवलं मला?

मी म्हटलं, ते गाणं विकायचं नव्हतं, तुला माहीत होतं, ते माझं होतं.

तो म्हणाला, हो, तुझं. तेच तर. त्या कडव्यात आई आहे, तू आहेस, बेंजोसुद्धा आहे. मी कुठे आहे? पोचा कुणी पाडला होता, ताई? आईला एकच लेकरू होतं का?

मला राग आला की मी वाईट बोलते, हे सगळ्या पेठेला माहीत आहे. मी म्हटलं, आई गेली तेव्हा तू होतास का तिथे, की कडव्यात घेऊ तुला?

त्याने कप खाली ठेवला. आवाज चढवला नाही. म्हणाला, हडपसरला होतो. हळदीत. तू पाठवलंस म्हणून.

हे खरं आहे. हेही लिहा. आई आठ दिवस पडून होती, त्या दिवशी सकाळी तो म्हणाला, ताई, मला आज जावंसं वाटत नाही. आणि मी म्हटलं, सुपारी घेतली आहे, शब्द दिलाय, आज नाही गेलो तर उद्या कुणी विचारणार नाही, तू जा, बेंजोवाचून ढोलकीवर भागव, मी बसते आईपाशी. तेव्हा कुठले मोबाईल. संध्याकाळी तो परत आला तो गालाला, सदऱ्याला हळद लागलेली, दारात माणसं बसलेली बघून तिथेच थांबला. हळद न धुताच त्याने खांदा दिला. या गोष्टीवर आम्ही तीस वर्षांत एक शब्द बोललो नव्हतो. मी कधी म्हटलं नाही की चुकलं माझं. उलट तो नव्हता याचाच मला राग होता, आणि तो राग धरून मी ते कडवं केलं होतं. अकराव्या मजल्यावर ते मला पहिल्यांदा कळलं. पण कळलं म्हणून मी बोलले असं नाही. मी उठले.

दारात चपला घालताना विचारलं, झील कुणी ओढली? गाण्यात मागचा आवाज होता, पण मला तो ओळखू येईना. भानू म्हणाला, मीच. आधी पुढचं गातात, मग कानाला लावून तेच ऐकत ऐकत मागचं गायचं, मशीन दोन्ही एकत्र करतं. मी म्हटलं, अच्छा. म्हणजे माणूस लागत नाही. तो म्हणाला, नाही लागत.

पुण्यातल्या कुठल्याही बाईने मला एवढ्या कमी शब्दांत गप्प केलेलं नाही.

दोन वर्षं झाली. तो फोन करत नाही, मी करत नाही. मी दहा पावलं चालून आले आहे आणि मागून हाक येण्याची वाट बघते आहे. तोही माझ्याच हाताखाली शिकलाय, तोही दहा पावलं गेला असेल आणि थांबला असेल. दोघंही पाठ करून उभे. आपटे काकू म्हणतात, तुम्ही दोघं आता भांडून तरी घ्या, म्हणजे निदान बोलणं होईल.

बेंजो तो बघा, कपाटावर. वाजतो अजून. मी दुपारी काढते कधी कधी, पण काय वाजवू आणि काय गाऊ. आयुष्यभर मी झील ओढली आणि झील एकट्याने ओढता येत नाही हो, कुणीतरी ओळ टाकावी लागते. मी स्वतः ओळ टाकून बघितली, पण सुरुवात करायची सवयच नाही, आवाज कुठून काढू तेच कळत नाही. मग मोबाईल लावते. भानूचं गाणं लावते, दुकानवाल्याने भरून दिलंय, आणि त्याच्यावर झील ओढते. त्याच्या यंत्रातल्या झिलीच्या डोक्यावरून माझी झील. शेजारचे म्हणत असतील, म्हातारी मोबाईलशी भांडतेय.

असं करता करता एक दिवस मला ते ऐकू आलं. तेच तुम्हाला सांगण्यासाठी मी इतका वेळ बोलते आहे. पण आधी माझं नाव, कारण शेवट आला. गाण्याचं खरं शेवटचं कडवं हे.

काशीची ही लेक शकू बेंजो वाजवी,
पोचा बघून आईचा ती हात आठवी.

शकू. लिहा. शकुंतला नको, कुणी कधी म्हटलं नाही.

यात भानूचं नाव बसतं का तेही मी बघितलं. काशीची ही लेकरं दोन, शकू आणि भानू. बसतं. अगदी अलगद बसतं, तीस वर्षांपूर्वीही बसलं असतं. पुढची ओळ मी केलेली नाही. एकटीने करणार नाही. तुम्ही आत्ता जो चहा प्यायलात तो त्याच पातेल्यातला, तो बघा पोचा, घाला बोटं. चार बोटं जातात. वरवंटा धरलेल्या तीन वर्षांच्या पोराचा आहे तो, हे मला माहीत नव्हतं असं नाही.

आता हे छापा, आणि तो वाचेल अशा ठिकाणी छापा. निखिल दाखवेल त्याला. निखिलला माझा आशीर्वाद आहे, त्याचा यात दोष नाही.

भानू, मी गाणं लाटलंस म्हटलं ते मागे घेत नाही. आईच्या दिवशी तुला पाठवलं, ते चुकलं माझं. दोन्ही एकाच पारड्यात घालू नकोस, वेगवेगळं तोल. आणि मला एकाच गोष्टीचं उत्तर दे. तुमच्या त्या बंद खोलीत तू पुढे एकटा उभा होतास, मागे कुणी नव्हतं, मागचंही तूच गाणार होतास. मग प्रत्येक कडव्याच्या शेवटी, वाद्यांच्या खाली, अगदी बारीक, पण मला ऐकू येतं, धृपदाच्या आधी तू हं म्हटलं आहेस. एकदा नाही, चारही वेळा. त्यांनी सगळं घासूनपुसून काढलं, तेवढं राहिलं.

ते हं कुणाला होतं? फोनवर सांगू नकोस. इथे ये आणि सांग.